थंड मुलखातली खिडकी आणि आपली खिडकी



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आम्हाला आले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार चळवळीतला हा माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर संपाच्या चार आठवणी सांगेल. आम्ही विषय कळविला, ‘खिडकी’. त्यावर चिटणीसांनी आम्हाला फोन करून विचारले, “खिडकी म्हणजे रूपक काय?” आम्ही म्हटले, “रूपक नव्हे. भिंतीला असते ती. गज, चौकट आणि तावदानाची.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बरे, या.” त्यांच्या या धीराबद्दल आम्ही प्रथम त्यांचे आभार मानतो.

आमचे शाळेचे शिक्षण फारसे नाही. वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ या दिवशी गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात तेही उतरले, आणि पुढे या तालुक्यातल्या अनेकांप्रमाणे वळकटी बांधून गावी परतले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पुढे शाळा सुटली आणि सुतारकाम करणाऱ्या मामांच्या हाताखाली रंधा धरला. खिडक्या केल्या, खिडक्या बसविल्या, मग खिडक्या बसविणाऱ्यांची संघटना बांधू लागलो. जे काही वाचले ते वाचनालयात आणि एस. टी.च्या प्रवासात वाचले. तेव्हा आज जे सांगणार ते पंडिताचे नव्हे, मिस्त्रीचे म्हणून ऐकावे.

आपल्या गावच्या मारुतीपासून आरंभ करू. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. त्याच्या देवळात मूर्तीच्या मस्तकाच्या दोन्ही बाजूंना झरोके आहेत. सूर्य उगवताना आणि मावळताना त्या झरोक्यांतून उजेड येतो आणि मूर्तीच्या मुखावर पडतो. लहानपणी आम्ही हे पाहावयास जात असू, आणि आम्हाला तो चमत्कार वाटे. हातात हत्यार आल्यावर कळले की, यात चमत्काराहून मोठी गोष्ट आहे. ज्याने ते झरोके ठेवले, त्याने भिंतीला भोक पाडण्याआधी सूर्य कोठून येतो आणि कोठे जातो हे पाहिले होते. त्याने आधी जागा पाहिली आणि मग झरोका ठरविला. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगावयाचे ते एवढेच आहे. बाकी सारा त्याचा विस्तार.

आता हा विषय आमच्या डोक्यात शिरला कसा, ते सांगतो. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा कॅनडात टोरांटोजवळ एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. गेल्या वर्षी थंडीच्या तोंडाला त्याचा फोन आला. “मामा, तुम्ही जन्मभर खिडक्या बसविल्या. मला सल्ला द्या. घर जुने आहे, खिडकीजवळ बसवत नाही इतके गार लागते. एक कंपनी म्हणते, सगळ्या खिडक्या काढून तीन काचांच्या नव्या बसवा, निम्मे बिल वाचेल. कर्ज काढावे लागेल. काढू काय?”

आम्ही शिराळ्यात, बाहेर ऑक्टोबरचे ऊन. उणे वीस अंशांत खिडकीचे काय होते, हे आम्हाला काय ठाऊक? पण भाच्याने विचारले आणि मामाने ‘माहीत नाही’ म्हटले, असे आमच्या घराण्यात चालत नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचावयास बसलो. जे हाती लागले ते प्रथम त्याला सांगितले, आज तुम्हाला सांगतो. कॅनडा लांब आहे असे वाटेल. पण आपल्या तालुक्यातले कित्येक जवान लडाखात राहून आले आहेत, आणि आता शिराळ्यातल्या किती घरांची मुले थंड देशांत आहेत याची मोजदाद तुम्हीच करा. शिवाय या प्रश्नाचे दुसरे टोक आपल्याच घरात निघते. तेही पुढे येईल.

घरातली ऊब खिडकीवाटे तीन वाटांनी जाते. पहिली वाट काचेतून. चहाचा पेला हातात धरला की हात पोळतो, तीच ही वाट. दुसरी वाट फटींतून. झडप आणि चौकट यांच्यामध्ये, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून आतली ऊन हवा बाहेर जाते आणि गार हवा आत येते. तिसरी वाट उलटी आहे. तिच्यातून ऊब बाहेर न जाता आत येते, ती म्हणजे ऊन. दक्षिणेकडच्या खिडकीतून हिवाळ्याचे तिरपे ऊन आत आले, तर तेवढी फुकटची शेगडी मिळते. लडाखात लेहजवळ सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी सेकमोल ही शाळा याच तत्त्वावर उभारली आहे. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला मोठमोठी काच, आणि दिवसा साठविलेली ऊब रात्रभर पुरवावयाची.

काचेची वाट किती रुंद आहे हे मोजण्याचे एक माप आहे, त्याला यू-मूल्य म्हणतात. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर खिडकीतून किती वॅट ऊब जाते, ते हे माप. आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. साध्या एकेरी काचेचा आकडा पावणेसहाच्या आसपास. दोन काचा आणि मध्ये हवा, अशा खिडकीचा पावणेतीनच्या आसपास. आणि कॅनडात २०२० सालापासून ‘एनर्जी स्टार’चा शिक्का मिळविण्याची एक वाट अशी की, काच आणि चौकट मिळून हा आकडा १.२२ च्या वर जाता कामा नये.

आता हिशेब मांडू. हिशेब मांडल्याशिवाय कामगाराने कोणत्याही करारावर सही करू नये, तशी खिडकीच्या करारावरही करू नये. दीड चौरस मीटरची खिडकी, आत २० अंश, बाहेर उणे १५, म्हणजे फरक ३५ अंशांचा. एकेरी काचेतून सुमारे ३०० वॅट जातात. दिवसरात्र मिळून सव्वासात युनिट. जुन्या दुहेरी काचेतून साडेतीन युनिट. नव्या शिक्क्याच्या खिडकीतून दीड युनिट. म्हणजे एकेरीवरून दुहेरीवर गेलात, तर एका खिडकीमागे रोज जवळजवळ पावणेचार युनिट वाचले. दुहेरीवरून नव्या उंची खिडकीवर गेलात, तर वाचले दोन. पहिली पायरी मोठी, दुसरी लहान, तिसरी आणखी लहान. आणि किंमत मात्र उलट दिशेने चढत जाते. आम्ही भाच्याला पहिला प्रश्न विचारला, “आत्ता काच एक आहे की दोन?” तो म्हणाला, “दोन.” “मग निम्मे बिल कोठून वाचणार? तुझ्या घराची सगळी ऊब काही खिडकीतूनच जात नसेल. छप्पर आहे, भिंती आहेत, तळघर आहे.”

दोन काचांची युक्ती नवी नाही. अमेरिकेत थॉमस स्टेटसन या गृहस्थांनी १८६५ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि मग थंड देशांना खिडकीची खरी आठवण झाली. पुढच्या काळात काचेवर चांदीसारख्या धातूचा इतका पातळ थर देऊ लागले की, तो डोळ्याला दिसत नाही. पण खोलीतल्या वस्तूंतून निघणारी ऊब तो आरशासारखी परत फिरवितो. दोन काचांमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू भरू लागले, कारण हवेपेक्षा त्यातून ऊब कमी वाहते. काचांमधले अंतरही महत्त्वाचे, साधारण १२ ते १६ मिलिमीटर. त्याहून फार वाढविले तर आतला वायूच फिरू लागतो आणि ऊब इकडून तिकडे वाहून नेतो.

काच कितीही उंची असली तरी चौकट चुकली की पैसे पाण्यात. ॲल्युमिनियम हा ऊब वाहून नेण्यात पटाईत. म्हणून थंड मुलखात ॲल्युमिनियमची चौकट घ्यावयाची तर तिच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांमध्ये ऊब अडविणारा प्लास्टिकचा तुकडा घातलेला असावा लागतो. लाकूड आणि पीव्हीसी यांना ही अडचण नाही. आणि एक गोष्ट वाचून तर आम्ही उठून उभेच राहिलो. थंड देशांतले जाणते लोक सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची खिडकी पसंत करतात! कारण बिजागरीची झडप कडी लावली की रबराच्या पट्टीवर घट्ट दाबून बसते, आणि सरकत्या खिडकीला सरकण्यापुरती फट ठेवावीच लागते. आमच्या मामांनी आम्हाला जी खिडकी करावयास शिकविली, तिची इज्जत अशी उणे वीस अंशांत शाबूत होती.

मग आम्ही भाच्याला सांगितले, “आधी घराची तपासणी करून घे. विकणाऱ्याकडून नको, जो काहीच विकत नाही अशा माणसाकडून.” तेथे अशी सोय आहे. तपासनीस येतो, दारात एक मोठा पंखा बसवितो आणि घरातली हवा बाहेर ओढतो. मग जिथे जिथे फट असेल, तिथून बाहेरची हवा आत शिट्टी वाजवीत येते. हात फिरविला की चोर सापडतो. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०२१ साली घरदुरुस्तीला अनुदान देणे सुरू केले, तेव्हा अटच अशी घातली होती की, आधी तपासणी, मग काम, मग पुन्हा तपासणी. ही अट आम्हाला फार आवडली. आपल्याकडे पूल बांधतानादेखील इतके करीत नाहीत.

भाच्याच्या घरात चोर सापडले ते असे. माळ्यावर जाण्याच्या झाकणाभोवती फट, तळघरात भिंत आणि पाया जोडतात तिथे फट, आणि नऊ खिडक्यांपैकी तीन खिडक्यांच्या चौकटीभोवती फट. दोन खिडक्यांच्या काचांमध्ये धुके धरले होते, म्हणजे त्यांची सांधबंदी फुटली होती. पण त्या दोघींची चौकट ठणठणीत होती, म्हणून नुसत्या काचांचा जोड बदलून भागले. तीन खिडक्या मात्र कुजलेल्या होत्या. त्या नव्या घेतल्या. बाकीच्यांना रबराच्या पट्ट्या. माळ्यावर जाड अस्तर. कर्ज काढले नाही.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. फटी बुजविल्या की घर उबदार होते. पण श्वास घेणाऱ्या माणसांची, भाताच्या वाफेची, वाळत घातलेल्या कपड्यांची ओल आतच कोंडते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसे गार काचेला आतून थेंब सुटतात. ते खाली ओघळतात आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणून नवी खिडकी घेताना हवा खेळती कशी राहील हे त्याच दिवशी विचारावयाचे. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा, खिडकीच्या वरच्या कडेला बारीक झरोका. घर घट्ट करावे, पण त्याचे नाक दाबू नये.

या बुरशीची गोष्ट सांगताना भाच्याचा आवाज बदलला. स्वतःचे घर घेण्यापूर्वी तो तीन वर्षे एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होता. तिथली खिडकी एकेरी काचेची, सगळी थंडी पाणी गाळणारी. त्याची तान्ही मुलगी रात्ररात्र खोकत असे. घरमालकाला त्याने पुनःपुन्हा सांगितले. उत्तर एकच, “तुम्ही फार शिजवता, खिडकी उघडीत नाही, म्हणून ओल येते.” शेगडीचे बिल भाडेकरू भरणार, खोकला भाडेकरूचे मूल काढणार, आणि खिडकी बदलावयाची की नाही हे ठरविणार मालक. खिडकी बदलून मालकाला काही मिळत नाही, म्हणून तो ती बदलीत नाही. भाडेकरूला सर्व काही मिळेल, पण त्याला भिंतीला हात लावण्याचा अधिकार नाही.

हे केवळ आमच्या भाच्याचे दुःख नव्हे. इंग्लंडात रॉचडेल शहरात २०२० साली दोन वर्षांचे एक मूल अशाच घरातल्या बुरशीने मरण पावले. आईबापांनी आधी वारंवार तक्रारी केल्या होत्या. त्यांनाही ऐकावे लागले होते की, दोष तुमच्या राहण्याच्या पद्धतीचा आहे. चौकशी झाली, देश हळहळला, आणि २०२३ साली कायदा करून मालकसंस्थांवर ठरीव मुदतीत बुरशी हटविण्याची जबाबदारी घातली. त्या कायद्यातील तरतुदीला त्या मुलाचे नाव दिलेले आहे. एका मुलाचे नाव कायद्याला मिळावे यासाठी त्याने मरावे लागावे, ही गोष्ट आम्हाला रात्री झोपू देत नाही.

खिडकी ही अशी पहिल्यापासून वर्गाची गोष्ट आहे, मित्रहो. त्याच इंग्लंडात १६९६ साली सरकारने खिडक्यांवर कर बसविला. घराला खिडक्या जितक्या जास्त तितका कर जास्त. मग मालकांनी काय केले? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. कर मालकाने चुकविला आणि अंधार भाडेकरूने भोगला. हा कर १८५१ साली उठला. दीडशे वर्षांहून अधिक काळ उजेडावर पट्टी होती!

आणि आपल्या मुंबईत? आमचे वडील ज्या पद्धतीच्या गिरणीत काम करीत, तिचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे. त्या प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. का? उत्तरेचा उजेड थंड आणि सारखा असतो, ऊन सरळ आत येत नाही आणि सूत नीट दिसते. म्हणजे खिडकीचे शास्त्र मालकांना उत्तम अवगत होते. मात्र विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत आणि खिडक्या बंद ठेवीत. सुताची काळजी खिडकीने घेतली, माणसाची घेतली नाही. आणि पाळी संपवून माणूस ज्या दहा बाय बाराच्या खोलीत परत येई, तिथे पंधरा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत आणि खिडकी एक. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारला या अंधाऱ्या खोल्या प्रथम दिसल्या. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे त्याच्या अंमलात असा नियम आला की, दोन इमारतींमध्ये उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे असावे, म्हणजे खालच्या मजल्याच्या खिडकीला आभाळ दिसेल. आभाळ दिसण्याचा हक्क नियमात लिहावा लागला, आणि तोही हजारो माणसे मेल्यावर!

असो. आता शिराळ्याला येऊ, कारण येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घराच्या जुन्या लाकडी खिडक्या काढल्या. चौकटीला थोडी वाळवी लागली होती, पावसाळ्यात झडपा फुगत, कडी बसत नसे. शेजारी सगळे सरकत्या खिडक्या बसवीत होते. आम्ही स्वतः मिस्त्री, आम्हालाही हौस वाटली. पतसंस्थेचे कर्ज काढले आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, मोठी काच, गुळगुळीत, देखण्या, अशा बसविल्या. जुना छज्जा मोडका होता तो पाडला, नवा घातला नाही, कारण काचेची शोभा झाकली असती. आमची आई पश्चिमेच्या खोलीत असे. त्या एप्रिलपासून ती दुपारी चारनंतर खोलीत थांबेना. ती म्हणे, “अरे, ही खिडकी नव्हे, चूल आहे.” आम्ही तिला पंखा आणून दिला. पंखा ऊन हवाच फिरवू लागला. शेवटी शेवटी तिला उठवत नव्हते, तेव्हा आम्ही तिचा पलंग ओसरीवर आणला. आणि आपल्या हाताने बसविलेल्या खिडकीने आपल्याच आईला खोलीबाहेर काढले, हे आम्ही कोणाला सांगितले नाही. आज सांगतो आहोत.

कॅनडाचा हिशेब मांडावयास शिकल्यावर आम्ही तोच हिशेब त्या खोलीला लावला. खिडकी तीच, दीड चौरस मीटर, काच एकेरी. बाहेर आणि आत सात अंशांचा फरक धरा. काचेतून नुसत्या गरमीने आत येणारी ऊब होते सुमारे ६० वॅट. आणि पश्चिमेचे ऊन? दर चौरस मीटरला ६०० वॅट धरले आणि साध्या काचेतून त्याचे दहापैकी आठ भाग आत आले असे धरले, तर ७२० वॅट! साठ कुठे आणि सातशेवीस कुठे! टोरांटोत शत्रू आहे काचेतून आणि फटीतून निसटणारी ऊब. तिथे हिवाळ्याचे ऊन मित्र आहे. शिराळ्यात शत्रू आहे ऊन. नुसती दुहेरी काच बसविली तर त्या साठाचे तीस होतील. पण सातशेवीस बहुतेक जसेच्या तसे आत येतील. त्याला उपाय काचेत शोधण्याआधी काचेबाहेर शोधावयाचा. छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, पश्चिमेला एखादे झाड. हे सारे खिडकीच्या बाहेरच हवे. ऊन एकदा काचेच्या आत आले की मग आतल्या पडद्याने ते अडते कमी, कोंडते जास्त.

दुसरी चूक हवेची. भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली आहे. तिच्यात खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडता येणारी खिडकी किती असावी, हे हवामानाप्रमाणे सांगितले आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत जमिनीच्या एक षष्ठांश, समशीतोष्ण हवेत एक अष्टमांश, थंड हवेत एक द्वादशांश. आपली दहा बाय बाराची खोली घ्या, १२० चौरस फूट. म्हणजे दमट हवेत वीस चौरस फूट, समशीतोष्ण हवेत पंधरा आणि थंड हवेत दहा. आता आपण बसवितो ती चार बाय पाचची खिडकी. दिसावयास वीस चौरस फूट. पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडते किती? निम्मी. एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो. म्हणजे हवा येणार दहा चौरस फुटांतून. मित्रहो, आपण शिराळ्यात बसून, कर्ज काढून, थंड मुलखाच्या मापाची हवा विकत घेतली! आणि बंद केली तरी फट राहते म्हणून थंड मुलखातही ती पहिल्या पसंतीची नाही. आजोबांची बिजागरीची खिडकी तिथे घट्ट बंद होते म्हणून चांगली, आणि इथे पुरती उघडते म्हणून चांगली.

सरकत्या खिडकीला आम्ही शत्रू मानीत नाही. लाकूड महाग झाले आहे, वाळवी खरी आहे, चांदोलीकडचा पाऊस खरा आहे, आणि जाळी बसविणे सरकत्या खिडकीला सोपे जाते. आमचे शेकडो सभासद तिच्यावरच पोट भरतात. पण ॲल्युमिनियमचीसुद्धा बिजागरीची खिडकी होते, पीव्हीसीचीही होते. सरकतीच हवी तर तीन पल्ल्यांच्या मार्गाची घ्या, म्हणजे दोनतृतीयांश उघडेल. गिऱ्हाईक विचारीत नाही म्हणून मिस्त्री सांगत नाही, आणि मिस्त्री सांगत नाही म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही.

तेव्हा खिडकी बदलण्याआधी चार प्रश्न विचारा. ही खिडकी कोणत्या दिशेची? तिथे ऊन केव्हा येते, आणि ते हवे आहे की नको? आत्ता नेमके काय बिघडले आहे: काच, झडप, चौकट की नुसती बिजागरी? नुसती लांबी आणि रबराची पट्टी लावून भागणार असेल, तर आख्खी चौकट का उखडावयाची? नवी किती उघडेल आणि बंद केल्यावर किती बंद होईल? आणि चौथा प्रश्न, या खोलीत दिवसभर राहणार कोण? खिडकी ठरविताना त्या माणसाला विचारले काय? बहुधा ती आई असते, सून असते, आजारी माणूस असते. घरातही मालक आणि भाडेकरू असतात, मंडळी. आम्ही आमच्या आईला विचारले नव्हते.

जे घराला लागू तेच भाड्याच्या खोल्यांना, शाळेच्या वर्गाला, कारखान्याच्या शेडला लागू. जिथे राहणारा एक आणि ठरविणारा दुसरा, तिथे राहणाऱ्याचे मत विचारले जाईल अशी तजवीज नियमाने करावी लागते. रॉचडेलला ती फार उशिरा झाली, मुंबईत प्लेगनंतर झाली. आपल्याला कोणाच्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. नवी शाळाखोली बांधावयाची ठरेल तेव्हा ग्रामसभेत, नगरपंचायतीत उठून एवढेच विचारा, “खिडकी कोणत्या दिशेला, आणि उघडणार किती?” हा प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही.

आमची आई आता नाही. त्या पश्चिमेच्या खिडकीवर आम्ही मागल्या फाल्गुनात छज्जा घातला, बाहेरून चिक सोडली, आणि एका बाजूला बिजागरीची झडप बसविली. दुपारी चारला त्या खोलीत बसून हे व्याख्यान लिहिले. बसवत होते. पंधरा वर्षांपूर्वी हेच काम चार दिवसांत आणि कर्जाच्या चौथ्या हिश्शात झाले असते.

भाच्याचा परवा फोन आला होता. म्हणाला, “मामा, मुलगी आता खिडकीशी बसून बर्फ पाहते.” आम्ही विचारले, “खोकते काय?” म्हणाला, “नाही.” आम्हाला एवढे व्याख्यानाचे मानधन पुष्कळ झाले.